औषधांची केमिस्ट्री शिकायची तर सुरुवात घरातल्या गोळ्यांच्या पाकिटापासून करा

दरवर्षी ॲडमिशन्स झाल्या की एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे कधी बी.फार्मची मुलं असतात, कधी इथे नाशिकच्या आरवायके नाहीतर केटीएचएम कॉलेजला केमिस्ट्री घेतलेले, कधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्यूसीत, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, नुकतेच चिकटलेले, आणि सगळ्यांचं एकच, "दादा, ड्रग डिझाइन शिकायचंय, कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" माझं उत्तर ठरलेलं आहे, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. आधी कागद, पेन्सिल आणि घरातला औषधांचा डबा.

कारण असं की स्क्रीनवर रंगीत प्रोटीन गोल गोल फिरवायला कुणालाही जमतं, पण समोरच्या रेणूत तो नायट्रोजन नेमका तिथेच का बसवलाय हे सांगता येत नसेल तर ड्रग डिझाइन आलं असं म्हणता येणार नाही. मेडिसिनल केमिस्ट्री म्हणजे मुळात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, हा तुकडा इथे कशाला, आणि तो काढला किंवा बदलला तर काय होईल. खाली जो क्रम दिलाय तो याच प्रश्नाची सवय लागावी म्हणून. अकरावी-बारावीचं ऑरगॅनिक बऱ्यापैकी आठवत असेल तर पुरे, नसेल तर फंक्शनल ग्रुप्सचा धडा एकदा परत वाचून घ्या.

स्टेप १ : पाकिटाची मागची बाजू वाचा

घरात आईची थायरॉइडची, आजोबांची बीपीची, शुगरची, ॲसिडिटीची, सर्दीची अशा गोळ्या असतातच. ब्रँडचं नाव सोडून द्या, मागे बारीक अक्षरात कंपोझिशन असतं ते वहीत उतरवा. आता त्यात नावाला चिकटलेला दुसरा शब्द बघा. मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, डायक्लोफेनॅक सोडियम, लोसार्टन पोटॅशियम, ॲटोर्व्हास्टॅटिन कॅल्शियम, ॲम्लोडिपिन बेसिलेट. हा दुसरा शब्द म्हणजे सॉल्ट, आणि अर्धी केमिस्ट्री तो तिथेच सांगून टाकतो. हायड्रोक्लोराइड किंवा बेसिलेट दिसलं म्हणजे मूळ रेणू बेस आहे, त्यात प्रोटॉन घेणारा नायट्रोजन असणार. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम दिसलं म्हणजे मूळ रेणू ॲसिड आहे, कुठेतरी प्रोटॉन सोडणारी जागा असणार. आता रचना काढा आणि ती जागा शोधा. डायक्लोफेनॅकमध्ये लगेच सापडेल, कार्बोक्झिलिक ॲसिड समोरच आहे. लोसार्टनमध्ये मात्र कार्बोक्झिल कुठेच नाहीये, तरी पोटॅशियम सॉल्ट कसं? तिथे टेट्राझोल नावाची चार नायट्रोजनांची रिंग आहे आणि तिची ॲसिडिटी कार्बोक्झिलच्या जवळपास जाते. म्हणजे कार्बोक्झिलच्या जागी दुसरा गट आणून तेच काम करून घेतलंय, याला बायोआयसोस्टिअर म्हणतात. हा धडा पुस्तकात बऱ्याच पुढे येतो, तुम्हाला पहिल्याच दिवशी आजोबांच्या पाकिटावर भेटला.

पॅरासिटामॉलला मात्र सॉल्ट नसतं. त्याचा फिनॉल इतका सौम्य ॲसिड आहे, पीकेए (म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) साधारण ९.५, की शरीराच्या पीएचला तो जवळजवळ पूर्ण न्यूट्रल राहतो. आणि सेटिरिझिन हायड्रोक्लोराइड वाचून नुसता बेस समजू नका, त्यात पिपरझिनचे नायट्रोजन आहेत आणि दुसऱ्या टोकाला कार्बोक्झिलिक ॲसिडही आहे, सॉल्टने फक्त एक बाजू दाखवली. सेटिरिझिनकडे पुढे परत यायचंय, लक्षात ठेवा.

हे सगळं वाचण्यासाठी आहे हं. रचना समजली म्हणून कुणाची गोळी बदलायची, अर्धी करायची, बंद करायची असलं काही करायचं नाही, ते डॉक्टरांचं काम.

स्टेप २ : रचना हाताने काढा

पबकेम ही रेणूंची माहिती देणारी वेबसाइट फुकट आहे, नाव टाकलं की रचना येते. ती बघा, टॅब बंद करा आणि आठवून कागदावर काढा. चुकलं की परत बघा. प्रिंट काढून चिकटवू नका, फोटो काढून ठेवू नका, हाताने काढल्याशिवाय रिंगमध्ये नायट्रोजन कुठल्या जागेवर आहे हे डोक्यात बसत नाही हे मी खूप जणांच्या बाबतीत पाहिलंय. काढून झालं की तीन रंगांनी गोल करा, ॲसिड किंवा बेस असलेली जागा एका रंगाने, हायड्रोजन बाँड देणाऱ्या-घेणाऱ्या जागा दुसऱ्याने, आणि तेलकट भाग, म्हणजे बेंझिन रिंग, कार्बनच्या साखळ्या, क्लोरिन वगैरे, तिसऱ्याने. अशा वीसेक गोळ्या झाल्या की नवीन रेणू बघताना डोळा आपोआप त्याच जागांवर जातो.

स्टेप ३ : पीकेए, आणि इथे घाई नको

बहुतेक जण इथेच पळतात. हेंडरसन-हॅसलबाख समीकरण परीक्षेपुरतं पाठ करतात आणि पुढे रिसेप्टरकडे, म्हणजे औषध जिथे जाऊन बसतं त्या प्रोटीनकडे, जातात कारण ते दिसायला भारी वाटतं. पण औषध पाण्यात विरघळेल का, आतड्याच्या पेशीच्या चरबीतून आरपार जाईल का, मेंदूत शिरेल का, या तिन्ही प्रश्नांची वाट पीकेएवरून जाते. म्हणून एक उदाहरण पूर्ण करून बघू.

ॲस्पिरिन घ्या. पीकेए ३.५. जठरात पीएच समजा १.५ आहे. ॲसिडसाठी हिशोब सोपा आहे, पीकेएमधून पीएच वजा करा, उत्तर आलं २, आणि दहाचा दुसरा घात म्हणजे १००. म्हणजे जठरात दर एका चार्ज असलेल्या रेणूमागे बिनचार्जचे १०० रेणू. आता रक्तात या, पीएच ७.४. ३.५ वजा ७.४ म्हणजे उणे ३.९, दहाचा ३.९ वा घात साधारण ८,०००, पण आता उलट्या बाजूने, म्हणजे बिनचार्जच्या एका रेणूमागे चार्ज असलेले सुमारे ८,०००. तोच रेणू, जागा बदलली आणि स्वभाव पूर्ण पालटला. बिनचार्जचा रेणू पेशीच्या पडद्यातून सहज जातो, चार्ज असलेला पाण्यात रमतो.

यावरून कुणी लिहितं की ॲस्पिरिन जठरातूनच जास्त शोषलं जातं, तर ते तसं नाहीये. जठराचं क्षेत्रफळ आतड्यापुढे काहीच नाही, त्यामुळे चार्जचं गणित जठराच्या बाजूने असूनही मोठा भाग लहान आतड्यातूनच शोषला जातो. समीकरण खोटं नाही पडत, ते फक्त किती रेणू जाण्याच्या लायकीचे आहेत ते सांगतं, प्रत्यक्ष किती जातील त्यासाठी शरीररचना बघावी लागते. हा फरक ज्याला कळला त्याचं निम्मं फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे शरीरात औषधाचा प्रवास कसा होतो ते शास्त्र, सोपं झालं. असंच गणित मेटफॉर्मिन आणि डायक्लोफेनॅकसाठी स्वतः करा. मेटफॉर्मिन आपल्या शरीराच्या पीएचला जवळजवळ पूर्ण चार्ज झालेलं असतं, मग ते पेशीत जातं कसं, हे शोधताना ट्रान्सपोर्टर प्रोटीन हा विषय आपोआप उघडतो.

स्टेप ४ : रेणू कुठे बसतो

एमिल फिशरने १८९४ मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, ती शाळेपासून ऐकलेली असते, सुरुवातीला चालेल, पण प्रोटीन काही लोखंडी कुलूप नाही, औषध आत आलं की तेही थोडं हलतं, आकार बदलतं. बाँडचे प्रकार चार-पाचच आहेत, आयनिक, हायड्रोजन बाँड, तेलकट भागांची जवळीक, रिंगवर रिंग, आणि क्वचित पक्का कोव्हॅलंट बाँड. बहुतेक औषधं पहिल्या चारांवर चालतात, म्हणजे येतात, बसतात, सुटतात.

पक्क्या बाँडचं उदाहरण परत ॲस्पिरिनच. सायक्लोऑक्सिजनेज नावाच्या एन्झाइममध्ये सेरिन हे एक अमिनो ॲसिड आहे, ॲस्पिरिन आपला ॲसिटाइल गट त्याच्यावर कायमचा चिकटवून देतं आणि रस्ता बंद. ॲस्पिरिनसारखी औषधं प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे या एन्झाइमपासून तयार होणारी दुखणं-सूज वाढवणारी रसायनं, बनणं थांबवतात हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आता बघा, रक्तात ॲस्पिरिन स्वतः अर्ध्या तासाच्या आतच निम्म्याने कमी होतं, मग हार्टच्या पेशंटला दिवसातून एकदा ७५ मिलिग्रॅमची गोळी कशी पुरते? कारण प्लेटलेटमध्ये न्यूक्लियस नसतो, ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, एकदा बंद झालं की त्या प्लेटलेटच्या उरलेल्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, बंदच. एका ॲसिटाइल गटाची ही केमिस्ट्री थेट डोसच्या वेळापत्रकापर्यंत जाते.

स्टेप ५ : एका औषधाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा

दहा औषधं वरवर वाचण्यापेक्षा एक पूर्ण. माझी शिफारस रॅनिटिडीन, म्हणजे आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं रॅनटॅक. वाचताना प्रत्येक टप्प्यावर थांबून रचना काढा, नुसतं वाचून पुढे जाऊ नका.

सुरुवात हिस्टामाइनपासून. इमिडॅझोल रिंग, दोन कार्बनची साखळी, टोकाला अमाइन, बस. हिस्टामाइनमुळे जठरात ॲसिड सुटतं हे माहीत होतं, पण त्यावेळची ॲलर्जीची अँटिहिस्टामाइन्स ॲसिड थांबवत नव्हती. म्हणजे दुसरा रिसेप्टर असला पाहिजे. १९६४ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या टीमने इंग्लंडमध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंचकडे यावर काम सुरू केलं, रिसेप्टरची रचना माहीत नाही, कॉम्प्युटर नाही, हातात फक्त हिस्टामाइन. त्याचंच टोक बदलत बदलत त्यांना ग्वानिडिन लावलेला एक रेणू सापडला जो थोडंसं अडवायचा, पण थोडंसं चालूही करायचा. मग विचार असा झाला की टोकाला जो पॉझिटिव्ह चार्ज आहे तोच रिसेप्टर चालू करत असणार, म्हणून तो चार्ज काढला, बिनचार्जचा थायोयुरिया बसवला, साखळी दोनवरून चार कार्बन केली. बुरिमामाइड तयार झालं. अडवतं, चालू करत नाही, पण तोंडाने दिलं तर जोर पुरत नाही.

पुढची पायरी मला सगळ्यात आवडते. लांब कार्बनच्या साखळीमुळे इमिडॅझोल रिंगमध्ये इलेक्ट्रॉन जास्त झाले होते आणि रिंगचा प्रोटॉन हिस्टामाइनमध्ये जसा असतो तसा बसत नव्हता. मग साखळीत एका कार्बनच्या जागी सल्फर घातला, तो इलेक्ट्रॉन ओढतो, आणि रिंगवर एक मिथाइल लावला. पीकेए आणि टॉटोमर (रिंगचा प्रोटॉन कोणत्या नायट्रोजनवर बसतो ते रूप) दोन्ही हवे तसे झाले आणि जोर बराच वाढला. हे मेटियामाइड. आता कळलं ना स्टेप ३ मध्ये घाई नको का म्हटलं ते, पीकेए नीट समजला नसता तर ही पायरी सुचलीच नसती.

मेटियामाइडने पेशंटमध्ये अल्सर बरे केले पण काही जणांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या. संशय थायोयुरियावर गेला. परत ग्वानिडिन आणावं तर ते भयंकर बेसिक, चार्ज येणार. म्हणून त्याच्यावर सायनो गट लावला, तो इलेक्ट्रॉन ओढून घेतो, बेसिकपणा जातो. सिमेटिडीन, १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलं. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं, गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत.

गोष्ट इथे संपत नाही. सिमेटिडीनचा इमिडॅझोल नायट्रोजन लिव्हरमधल्या सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम्सच्या लोखंडाला जाऊन चिकटतो, त्यामुळे दुसऱ्या औषधांचा निचरा अडतो. ग्लॅक्सोने इमिडॅझोलच काढून टाकला, फ्युरान रिंग घेतली, तिच्यावर डायमिथाइल अमिनो मिथाइल लावला, टोकाला सायनोच्या जागी नायट्रोचा तुकडा, आणि १९८१ मध्ये रॅनिटिडीन आणलं. ते चिकटण्याचं लफडं बरंच कमी झालं. मग एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने रॅनिटिडीन बाजारातून काढायला सांगितलं, कारण साठवणुकीत आणि उष्णतेत त्यात एनडीएमए नावाचं, कॅन्सरचा धोका असू शकणारं रसायन वाढत जातं असं दिसलं. एनडीएमए काढून बघा, दोन मिथाइल असलेला नायट्रोजन आणि त्यावर नायट्रोसो. आता रॅनिटिडीनकडे बघा, एका टोकाला डायमिथाइल अमिनो, दुसऱ्या टोकाला नायट्रो. कच्चा माल त्याच रेणूत आहे. क्यूसीत काम करणाऱ्यांनी ही गोष्ट तर पाठच करावी, स्टॅबिलिटी चेंबरमध्ये (ठरावीक उष्णतेत आणि आर्द्रतेत गोळ्या साठवून तपासतात ते कपाट) आपण एवढ्या बारकाईने काय बघतो आणि का बघतो ते यातून कळतं.

स्टेप ६ : शरीर रेणूचं काय करतं

हे थोडक्यात सांगतो. लिपिन्स्की यांचा १९९७ चा पाचचा नियम सगळीकडे दिसेल, रेणूचं वजन ५०० च्या आत, लॉगपी (रेणू किती तेलकट आहे याचा आकडा) ५ च्या आत, हायड्रोजन बाँड देणारे ५ पर्यंत, घेणारे १० पर्यंत. तोंडाने घ्यायचं औषध शोषलं जाईल का याचा तो अंदाज आहे, कायदा नाही, ॲटोर्व्हास्टॅटिनचं वजनच ५५८ च्या आसपास आहे आणि ते रोज घेणारे लोक आपल्या गल्लीत आहेत.

लिव्हर रेणू बदलतं, आणि कधी कधी बदललेला रेणूच चांगला निघतो. हायड्रॉक्सिझिन हे ॲलर्जीचं जुनं औषध झोप आणतं, शरीर त्याचं अल्कोहोल ऑक्सिडाइज करून कार्बोक्झिलिक ॲसिड बनवतं आणि ते म्हणजे आपलं सेटिरिझिन, आता एका टोकाला पॉझिटिव्ह, दुसऱ्याला निगेटिव्ह, मेंदूत कमी शिरतं म्हणून झोपही कमी. टर्फेनाडिनचंही तसंच, त्याचा मेटाबोलाइट, म्हणजे शरीराने बदललेला रेणू, फेक्सोफेनाडिन म्हणजे अलेग्रा ही ॲलर्जीची गोळी. फक्त तिथे प्रकरण गंभीर होतं, लिव्हरचं सीवायपी-३ए४ एन्झाइम दुसऱ्या औषधाने किंवा ग्रेपफ्रूटच्या रसाने अडलं तर टर्फेनाडिन साठायचं आणि हृदयाचे ठोके बिघडायचे, म्हणून ते बाजारातून गेलं. नाशिकमध्ये हे मुद्दाम सांगावं लागतं, ग्रेपफ्रूट म्हणजे आपली द्राक्षं नव्हेत, ते पपनसाच्या नात्यातलं लिंबूवर्गीय फळ आहे, द्राक्षांना याच्यात ओढू नका.

स्टेप ७ : आता थ्रीडी, आणि मग डॉकिंग

आरसीएसबीची प्रोटीन डेटा बँक उघडा, सर्चमध्ये 1HSG हा कोड टाका. हे एचआयव्हीचं प्रोटिएज, म्हणजे प्रोटीन तोडणारं एन्झाइम, आणि त्यात बसलेलं इंडिनाविर हे औषध. ब्राउझरमध्येच थ्रीडी दिसतं, मोबाइलवरही चालतं पण लॅपटॉप बरा. प्रोटीन दोन सारख्या साखळ्यांचं आहे, प्रत्येकीत ९९ अमिनो ॲसिड. मधल्या लिगँडवर, म्हणजे आत बसलेल्या औषधाच्या रेणूवर, क्लिक करा आणि त्याचा मधला हायड्रॉक्सिल शोधा. तो बरोब्बर दोन ॲस्पार्टिक ॲसिडच्या मध्ये बसलाय, दोन्ही साखळ्यांचा पंचविसावा नंबर. एन्झाइम प्रोटीन तोडताना मधल्या क्षणी जी अवस्था तयार होते तिची नक्कल हा हायड्रॉक्सिल करतो. आता वरच्या बाजूला जा, दोन झाकणांसारखे भाग दिसतील, आणि त्यांच्यात आणि औषधात एक एकटा लाल ठिपका. तो पाण्याचा रेणू. दोन्ही झाकणं आणि औषध यांना तोच धरून ठेवतो. नंतर काही केमिस्टांनी मुद्दाम असे रेणू बनवले की ज्यांच्यातला ऑक्सिजन या पाण्याचीच जागा घेईल.

आणि डॉकिंगच्या, म्हणजे रेणू प्रोटीनमध्ये कसा बसेल हे कॉम्प्युटरवर आजमावण्याच्या, बहुतेक ट्युटोरियलमध्ये सुरुवातीलाच काय सांगतात माहितीये? पाण्याचे सगळे रेणू डिलीट करा. कधी ते ठीक असतं, कधी आपण औषधाला धरून ठेवणारा हातच काढून टाकलेला असतो, आणि सॉफ्टवेअर तरीही शांतपणे आकडा देतं. ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर शिका, पण पहिलं काम हे करा की इंडिनाविर बाहेर काढून त्याच जागी परत डॉक करा आणि मूळ जागेपासून २ अँगस्ट्रॉमच्या आत बसतं का बघा. बसत नसेल तर त्या सेटअपवर नवीन रेणूंचे स्कोअर काढण्यात अर्थ नाही. आणि प्रोजेक्टमध्ये शंभर हर्बल रेणू डॉक करून "हे औषध ठरू शकतं" असं लिहू नका, विद्राव्यता, शोषण, लिव्हर, विषारीपणा यातलं काहीच त्या आकड्यात नाहीये.

नाशिकमध्ये बसून शिकायचं तर

एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर मेडिसिनल केमिस्ट्रीचे कोर्स फुकट बघता येतात, इंग्रजीत आहेत पण स्पीड कमी करून, थांबवून बघितलं तर जमतं. बी.फार्मवाल्यांना चौथ्या ते सहाव्या सेमला हा विषय आहेच, बीएस्सीवाल्यांनी एखाद्या फार्मसीच्या मित्राच्या नोट्स आणि सिलॅबस घ्यावा, आपल्याकडे गंगापूर रोड, पंचवटी, आडगाव सगळीकडे फार्मसी कॉलेजेस आहेत, ओळख निघतेच. दोघं मिळून शिका, एकाने रचना काढायची, दुसऱ्याने एक गट बदलून विचारायचं आता काय होईल. नोकरीचं खरं सांगायचं तर इथल्या एमआयडीसीत काम मुख्यतः गोळ्या बनवण्याचं आणि क्वालिटीचं आहे, नवीन रेणू शोधण्याच्या जागा जास्त करून हैदराबाद, बेंगळुरू, पुण्याकडे, आणि तिथे एमएस्सी ऑरगॅनिक किंवा एम.फार्मनंतर सिंथेसिसचा हात बघतात. म्हणून लॅबमध्ये रिॲक्शन लावायची संधी मिळाली तर डॉकिंगसाठी ती सोडू नका.

या आठवड्याचा अभ्यास पँटोप्राझोल सोडियम, म्हणजे ॲसिडिटीची गोळी. रचना काढा. सोडियम सॉल्ट आहे, मग प्रोटॉन सोडणारा नायट्रोजन कोणता? ॲसिडमध्ये प्रोटॉन घेतला की रेणू आतल्या आत वळून बदलतो आणि प्रोटॉन पंपाच्या (जठरात ॲसिड सोडणारं प्रोटीन) सिस्टिइन या अमिनो ॲसिडशी सल्फर-सल्फर बाँड करतो, ती पूर्ण मेकॅनिझम बाणांसकट काढा. मग दोन प्रश्नांची उत्तरं लिहा, गोळीवर आतड्यात विरघळणारं कोटिंग का लागतं, आणि डॉक्टर ती जेवणाआधी अर्धा तास का घ्यायला सांगतात.